फॅमिली ग्रुप : हॅना आजीचं वय

रविवार

सुमनकाकू 8:41
मन्या बाळा सकाळपासून 37 फोटो आलेत, सगळे पिवळ्या कागदांचे, एकही अक्षर लागत नाही, माझा फोन भरला. आणि त्यात माझा मेसेज वर गेला. शनिवारच्या केळवणाला कोण कोण येणार ते कालपासून विचारतेय. एकाचंही उत्तर नाही. केटररला आज आकडा द्यायचाय

मन्या 8:50
सॉरी काकू 🙏 एमाच्या माहेरच्यांचे इंग्लंडमधले जनगणनेचे कागद आहेत, 1841 पासूनचे. नानाकाकांनी मागितले होते म्हणून टाकले

नाना
मी मागितले होते हे खरे. पण असे काही निघेल याची कल्पना नव्हती. 1851 चा कागद मी चष्मा लावून दोनदा वाचला. काही गोष्टी ग्रुपवर नकोत. मन्या, मला फोन कर.

पिंकी
नाना असं म्हटल्यावर आता सगळे तोच फोटो उघडणार 😂

बंड्यादादा
उघडला. काय आहे त्यात? चार ओळी आहेत

माई आत्या
नाना काय ते इथेच सांग. अर्धवट बोलून गप्प बसायची तुझी जुनी सवय आहे

नाना
ठीक आहे. घरात एक विधवा बाई, वय 52. तिची मुलगी हॅना, वय 22, अविवाहित. आणि एक नातू, वय 7. घरात दुसरी मुलगी नाही, सून नाही. म्हणजे नातू कोणाचा? आणि 22 वजा 7 किती होतात ते ज्याचे त्याने बघावे.

भाऊकाका
आपल्या घराण्याचीपण अशी वंशावळ जनगणनेतून काढता येईल ना? इंग्रजांनीच केली होती. जनगणना ऑफिसात कोणी ओळखीचं आहे का?

मन्या
नानाकाका तो 7 नाहीये, 2 आहे. झूम करून बघा, आकड्यावरून एक तिरपी काळी रेघ गेलीय. ती कागद भरणाऱ्याची नाही. हे कागद नंतर लंडनला जायचे, तिथले कारकून वयं मोजताना प्रत्येक आकड्यावर खूण करायचे, त्यात अर्ध्या पानाची वाट लागलीय. मीपण पहिल्यांदा 7 च वाचला होता आणि आठवडाभर 1844 चा जन्मदाखला शोधत बसलो. दाखला 1848 चा निघाला. तेव्हा ती 19-20 ची होती

नाना
बरे. पण अविवाहित हे तरी खरे ना.

मन्या
हो. दाखल्यावर बापाच्या रकान्यात आडवी रेघ आहे

सुमनकाकू
शनिवार. आकडा. 🙏

पिंकी
मला हॅना आजीची 29 वाली गंमत आवडली. 1851 ला 22, 1861 ला 29, 1871 ला 38. वीस वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारी. कुठलं क्रीम लावायची विचार

मन्या
😄 मधे लग्न झालं ना. नवरा 28 चा. मग ही 32 कशाला सांगेल. दाखला मागत नव्हते कोणी, घरातल्याने सांगायचं आणि कागद भरणारा लिहून घ्यायचा

माई आत्या
शहाणी होती

बंड्यादादा
मग 1841 ला त्यांच्या आईचं वय 40 आणि 1851 ला 52 कसं? ही दहा वर्षांत बारा वर्षं वाढली. मुलीची उरलेली आईने घेतली काय

मन्या
नाही दादा, 1841 ला नियमच तसा होता, 15 च्या वरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहायचं. 40 म्हणजे 40 ते 44 काहीही. पोरांची मात्र बरोबर, हॅनाचं 12 लिहिलंय. त्या साली नातंपण लिहीत नसत, जन्म याच परगण्यातला का, हो की नाही एवढंच. एका घरात कोण बायको कोण बहीण कोण भाडेकरू, आपणच अंदाज बांधायचा. नावांपुढे एक तिरपी रेघ दिसली की एक बिऱ्हाड संपलं, दोन दिसल्या की घर संपलं. खरी माहिती 1851 पासून, नातं, लग्न झालंय का, कुठल्या गावचा जन्म

भाऊकाका
आपल्या घराण्याचीपण अशी जनगणनेतून काढता येईल ना? जनगणना ऑफिसात कोणी ओळखीचं आहे का?

मन्या
भाऊकाका आपल्याकडे नावांचे कागद मिळत नाहीत. 1872 ला पहिली, 1881 ला 17 फेब्रुवारीला सगळीकडे एकदम, पण आपल्याला बघायला मिळतात ते छापलेले तक्ते, जिल्ह्यात किती माणसं, कुठल्या जातीची किती, लिहिता येणारे किती. नाव नाही. आणि 1948 च्या कायद्याप्रमाणे कोणाचा फॉर्म कोणालाच दाखवत नाहीत. इंग्लंडमधे 100 वर्षांनी उघडतात, 1921 चा 2022 ला उघडला

भाऊकाका
लंडनला नेले असतील आपले कागद

सुमनकाकू
अहो बाजूच्या खोलीत बसून काय टाइप करताय. खाली दूधवाला उभा आहे

नाना
खानेसुमारी आपल्याकडे पेशवाईतही होत असे. पण तो विषय वेगळा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे आपल्या नामावळ्या आहेत, मी 1998 मध्ये स्वतः जाऊन मोडीतून उतरवून आणल्या. दोन दिवस लागले. तेव्हा कोणी सोबत आले नाही, हेही नमूद करतो.

भाऊकाका
नाना तेव्हा माझं पाठीचं दुखणं होतं

नाना
होते. मान्य.
मन्या, त्या बाईंचे गाव लँकेशायरमधले ब्लॅकबर्न, आणि 1861 साल, म्हणजे पुढल्याच वर्षी त्यांची उपासमार झाली असणार. अमेरिकेत युद्ध पेटले, कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. आणि त्याच चार वर्षांत मुंबईचे व्यापारी कापसावर गब्बर झाले. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशातून राजाबाई टॉवर उभा राहिला. 1865 ला युद्ध संपले आणि इथला भाव कोसळला. तिकडची चूल पेटली तेव्हा इकडची दिवाळी संपली.

बंड्यादादा
वा नाना 👏

मन्या
हे मला सुचलंच नव्हतं. हॅना यंत्रमागावरच होती. आणि तो मुलगा 1861 ला 12 वर्षांचा, पुढे लिहिलंय अर्धवेळ, म्हणजे अर्धा दिवस गिरणी अर्धा दिवस शाळा. आणि खरी गोष्ट तिथेच आहे. 1851 ला तो आईच्या माहेरच्या आडनावाने आहे, होल्डन. 1861 ला सावत्र बापाच्या आडनावाने, आणि नात्यात सरळ मुलगा लिहिलंय. एमाचं आडनाव आज तेच आहे. म्हणजे ज्या माणसाचं आडनाव ही लावते त्याच्याशी रक्ताचं नातं नाही. बरं होल्डन 1841 ला सापडतच नव्हते, तीन आठवडे गेले. तिकडे ह चा उच्चार खातात, लिहिणाऱ्याने ऐकलं तसं ओल्डन लिहिलं

नाना
हेच मी फोनवर बोलणार होतो. लग्नपत्रिकेत आपण ते आडनाव छापले. घराण्याची चौकशी मी तेव्हाही करा म्हणालो होतो. कोणी ऐकले नाही.

पिंकी
नाना 😐

मन्या
एमा ग्रुपवर आहे नाना. भाषांतर करून वाचते

नाना
🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

बंड्यादादा
गेला उडत. सगळ्यांनी वाचला

माई आत्या
नाना तुझं घराणं कोणतं रे? आपले आजोबा दत्तक आले होते ना. मावशीच्या घरी, वयाच्या नवव्या वर्षी, मूळ आडनाव वेगळंच होतं, आईने मला सांगितलंय. आपण जे लावतो ते ज्याचं होतं त्याचं आपल्यात काय आहे? तुझ्या वंशावळीत दत्तक शब्द कंसात, इतका बारीक की भिंग लागतं

नाना
दत्तकविधान शास्त्रोक्त असते माई. गोत्र बदलते. दोन्हींची तुलना होत नाही.

माई आत्या
बरं, नको करू. मग एक सांग, त्या वंशावळीत मी कुठे आहे? तू, भाऊ, मधला अण्णा, तिघांच्या तीन फांद्या. मी नाही, आई नाही, आजी नाही. त्या ब्लॅकबर्नच्या माणसाने घरातली विधवा लिहिली, लग्नाआधीचं पोर लिहिलं. मी सख्खी बहीण असून फांदी नाही

सुमनकाकू
माई वन्सं बरोबर बोलतायत. मीपण नाही त्यात

भाऊकाका
नाशिकला परत जाऊया का सगळे? एक टेम्पो ट्रॅव्हलर केली की झालं. आणि जनगणना ऑफिसचं कोणी असेल तर बघा

पिंकी
भाऊकाका 😂😂

नाना
नामावळीत जसे होते तसे मी उतरवले. तिथे स्त्रियांची नावे क्वचित असतात. मी काही वगळलेले नाही.

माई आत्या
मला वगळलंस. माझं नाव नामावळीत शोधायची काय गरज होती. मी दोन गल्ल्या सोडून राहते

(42 मिनिटं कोणी काही लिहिलं नाही)

एमा वहिनी 10:58
नमस्कार नाना. मन्याने टाइप केलं, मी सांगते आहे. आडनावाचं माझ्या आजीला माहीत होतं. ती म्हणायची, ज्याने वाढवलं त्याचं नाव. मला राग नाही. तुमचं मोडी बघायला आवडेल. शनिवारी आम्ही 2, व्हिडिओवर. जेवण नको.

पिंकी
❤️

नाना
एमा, सकाळी मी लिहिले ते लिहायला नको होते. मोडीची नक्कल स्कॅन करून पाठवतो. पण स्कॅनर घरी नाही, बंड्याने दोन महिन्यांपूर्वी नेला तो परत आणलेला नाही.

बंड्यादादा
आज आणतो नाना

सुमनकाकू
चला, निदान एकीने तरी उत्तर दिलं. बाकीच्यांनी नावं टाका. 12 पर्यंत

बंड्यादादा
आम्ही 3

माई आत्या
मी आणि हे. 2

पिंकी
1, ऑफिस सुटलं तर

नाना
नाना व कुटुंब. 4.

माई आत्या
व कुटुंब म्हणजे कोण कोण?

नाना
नाना, शालिनी, सून, नात.

माई आत्या
सूनेला नाव असेल ना

नाना
शालिनी, वय 70. मेघना, वय 35. सई, वय 9. झाले समाधान?

पिंकी
काकू 70? मागच्या वर्षी 73 वा वाढदिवस केला ना आपण

नाना
1841 चा नियम.

सुमनकाकू
मला वय नकोय हो. जेवायला किती ते सांगा. आणि भाऊंना कोणीतरी सांगा, केळवण आपल्याकडेच आहे, त्यांनी अजून नाव दिलेलं नाही