मदत हवी आहे: प्रचितगड, आम्ही दोघंच, गाडीने

मंडळी, डिसेंबरात आम्ही नवराबायको बोरिवलीहून गाडी काढून गोवा हायवेने संगमेश्वर, तिथून शृंगारपूर, म्हणजे येसूबाईंचं माहेर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रचितगड असं ठरवतोय. गड पडतो चांदोली नॅशनल पार्कात, व्याघ्र प्रकल्पाचा एरिया, म्हणजे फॉरेस्टची परमिशन आलीच, पण शृंगारपूरकडून चढणाऱ्यांना ती नेमकी कुठल्या ऑफिसात मिळते? गावात वाटाड्या नि मुक्कामाला घर मिळेल का, गाडी कुठे लावायची? आणि वरची शिडी आता कशी आहे, हलते का? हिला उंचीची भीती नाही, मला आहे (घरी माहीत नाहीये). कळसूबाईच्या शिडीपाशी मी लेस बांधायच्या नावाखाली दहा मिनिटं बसून होतो. नुकतं कोणी जाऊन आलं असेल तर सांगा ना प्लीज.