वरच्या मालिकेत गेला नाही म्हणजे कमी पडला?

"कप मालिकेत टिकला नाही तो गल्लीतलाच हिरो" असं मोटार शर्यतींच्या चर्चेत एकाने लिहिलंय. कप म्हणजे नासकार या अमेरिकी मोटार शर्यत संस्थेची सगळ्यात वरची मालिका. हे वाक्य रिची इव्हान्सला लावून बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा हा गडी, ६१ नंबरची केशरी गाडी. नासकारची राष्ट्रीय मॉडिफाइड (शर्यतीसाठी बदल केलेल्या गाड्यांची) स्पर्धा त्याने ९ वेळा जिंकली. १९७३ साली एकदा, मग १९७८ ते १९८५ सलग आठ! त्या काळी वेगवेगळ्या छोट्या ट्रॅकवरचे गुण एकत्र धरायचे, त्यामुळे आठवड्यातून तीन-चार रात्री गाडी ट्रेलरवर टाकून हिंडायचं. आणि मॉडिफाइड म्हणजे दुय्यम हेही खरं नाही. फेब्रुवारी १९४८ मधली नासकारची पहिली शर्यत मॉडिफाइड गाड्यांचीच होती.

इकडे अमेरिकेत आल्यावर मी एकदा पाव मैलाच्या ट्रॅकवर पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, शिरलो होतो. एक आजोबा टेप घेऊन प्रत्येक टायरचा घेर मोजत बसलेले. उजवीकडचे टायर मुद्दाम जरा मोठ्या घेराचे ठेवतात, म्हणजे डावीकडेच वळणाऱ्या त्या गोल ट्रॅकवर गाडी आपसूक डावीकडे वळते. ट्रॅक तापला की हे गणित बदलतं. दर रात्री नव्या ट्रॅकवर हे जमवणं सोपं वाटतं का?

इव्हान्स ऑक्टोबर १९८५ मध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर सरावात भिंतीवर आदळून वारला. त्या वर्षीचं विजेतेपद तेव्हा त्याच्या खिशात होतं. २०१२ मध्ये नासकारने त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं.