जेम्स आर्नेसवर दोन तासांचा कार्यक्रम: कोणते भाग घ्यावेत?

प्रश्न
सोलापुरात नवी पेठेतल्या एका सभागृहात जुन्या अमेरिकन मालिकांवर कार्यक्रम ठरतोय. 'गनस्मोक' या वेस्टर्न मालिकेत डॉज सिटी गावचा मार्शल मॅट डिलन साकारणाऱ्या जेम्स आर्नेससाठी दोन तास आहेत. एकूण भाग ६३५! कोणते निवडावेत? प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे, इंग्रजी जेमतेम समजणारे.

उत्तर १
पहिलाच भाग घ्या, 'मॅट गेट्स इट', १० सप्टेंबर १९५५. सुरुवातीला चित्रपटतारा जॉन वेन स्वतः येऊन आर्नेसची ओळख करून देतो. तो तुकडा असलेलीच प्रत हवी, पुनःप्रक्षेपणाच्या प्रतींत तो बहुधा नसतो. १९६१ पर्यंतचे भाग अर्ध्या तासाचे, म्हणजे जाहिराती वगळून साधारण २५ मिनिटांचे. नंतरचे तासाचे, सुमारे ५० मिनिटांचे. रंग १९६६ पासून. जुने छोटे भाग 'मार्शल डिलन' या नावानेही फिरतात, ती वेगळी मालिका नव्हे.

त्याआधी पाच मिनिटं १९५१ च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'मधली दाखवा. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे आर्नेसच. साडेसहा फुटांहून उंच माणसाला तेव्हा असलीच कामं मिळत.

रंगीत भाग निवडताना जपून. शेवटच्या काही वर्षांत कित्येक भाग पाहुण्या कलाकारांचे आहेत, मार्शल एखाद-दोन प्रसंगांपुरता दिसतो. १९६९ चा 'मॅनन' उत्तम आहे, पण त्यात मॅट बराच वेळ गावाबाहेरच असतो. तो टाळा.

उत्तर २
'मॅनन' टाळू नका, साहेब. सगळं डॉज सिटी मॅटची वाट पाहतं, आणि शेवटी तो आला की त्या एका प्रसंगात वीस वर्षांच्या भूमिकेचं वजन कळतं. शिवाय १९८७ च्या 'रिटर्न टू डॉज' या चित्रपटात त्या भागातला खलनायक मॅनन परततो. दोन्हींचे तुकडे लागोपाठ लावले की आर्नेसचं वय आणि संयम दोन्ही दिसतात.

चालण्याकडे लक्ष द्यायला सांगा. १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत आर्नेसच्या उजव्या पायाला गोळ्या लागल्या होत्या, तो पाय पुढेही दुखत राहिला. म्हणून तो घाई करत नाही. स्थिर उभा राहतो आणि समोरच्याला बोलू देतो. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. सहकलाकार डेनिस वीव्हर आणि मिलबर्न स्टोन यांना एमी (अमेरिकेतले टीव्ही पुरस्कार) मिळाल्या. आर्नेसला नामांकनं मिळाली, पुरस्कार नाही. हे आवर्जून सांगा.

उत्तर ३
प्रोजेक्टरचं पाहा. मूळ चित्र ४:३ (रुंदी : उंची) आहे. रिमोटवर 'फुल' किंवा 'वाइड' राहिलं तर चित्र आडवं ताणलं जातं आणि एवढा उंच माणूस बुटका दिसतो. 'ओरिजिनल' किंवा '४:३' ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. मराठी सबटायटल्स एसआरटी (सबटायटल्सची साधी मजकूर फाइल) मध्ये, जतन करताना 'यूटीएफ-८' हे एन्कोडिंग निवडून ठेवा, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा निरर्थक अक्षरं दिसू शकतात. एका वेळी दोनच ओळी.

वेळेचा हिशेब: ५ + २५ + ५० मिनिटं, १९८७ चा तुकडा १०. उरलेला अर्धा तास निवेदनाला आणि चहाला.

प्रश्नकर्ता
'मॅनन' पूर्ण दाखवायचं ठरलं. १९६७ मध्ये मालिका बंद होता होता वाचली, तेही निवेदनात घेतोय.

उत्तर १
मग हेही जोडा: त्याच वर्षी ती शनिवारवरून सोमवारी हलवली आणि लोकप्रियतेत पुन्हा वर गेली. १९७५ ला बंद केली तेव्हा मात्र निरोपाचा भागसुद्धा करू दिला नाही.