क्लायंटचं 'विचार करतो' म्हणजे नाही, हे मॅनेजरला कसं समजवू?

ट्रान्सहार्बरवाली: बाबांच्या नोकरीमुळे माझी पहिली ते बारावी टोकियोत, निशीकसाईला झाली. आता ठाण्यात राहते, ऐरोलीला जपानी प्रोजेक्टवर आहे. कागदावर टेस्टर, पण प्रत्येक कॉलला मलाच बसवतात, तिकडचे सकाळचे ९ म्हणजे आपले साडेपाच. मागे क्लायंट म्हणाला "केन्तो शिमास", म्हणजे विचार करतो. मी सरांना म्हटलं हा नकार आहे, तर म्हणे तू फार निगेटिव्ह आहेस, आणि चार जणांना कामाला लावलं. दोन आठवड्यांनी सगळं रद्द, वर मलाच की तू तुझ्या लोकांना नीट पटवलं नाहीस. माझे लोक?? आणि तिकडचे मला वेगळं गाठून विचारतात की तुम्ही भारतीय जमणार नसलं तरी हो का म्हणता. नुसतं तळ्यात मळ्यात चाललंय, अप्रेझलमध्ये यातलं एक अक्षर नाही.

सानपाडाकर: लांबच्या नात्यातलं लग्नाचं आमंत्रण आलं की आपण "बघू, जमवतो" म्हणतो, तेव्हा कोणी आपलं ताट धरतं का? सरांना हेच सांगा. ऑफिसात शिरलं की लोक मराठीसुद्धा विसरतात.

ऑफशोअर_आजोबा: अहो, जपानी आयटीत या कामाला नाव आहे, ब्रिज एसई. क्लायंट आणि इकडची टीम यांच्या मधला माणूस, ती वेगळी पोस्ट असते. तीच मागा. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, तिची सगळ्यात वरची पातळी एन१ नसेल तर देऊन टाका, जुलै आणि डिसेंबरला असते, तुम्ही कितीही फाडफाड बोललात तरी एचआरला कागद लागतो. आणि कॉल संपला की लगेच मेल टाकायचा, "माझ्या मते हा नकार आहे". पुढच्या वेळी तोच मेल कामाला येईल.

कोपरी_पूर्व: ट्रेनिंगमध्ये तो हॉफस्टेडचा देशोदेशींच्या संस्कृतीचा तक्ता दाखवतात ना, जपानला इतके मार्क भारताला इतके, तो मुळात १९६७ ते ७३ च्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून आलाय. एक माणूस एक देश असा हिशोब, तुमच्यासारखीला त्यात रकानाच नाही. बाकी निशीकसाई म्हणजे टोकियोतला एदोगावा वॉर्ड ना? तिथे २०१९ ला आपले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, जपानी नागरिकत्व घेऊन. त्यांनाही दोन्हीकडचे 'तुमचे लोक' ऐकवत असतील का कुणास ठाऊक.

ट्रान्सहार्बरवाली: हो एदोगावाच. आजोबा, एन१ आहे हो माझ्याकडे, एचआरला कधी दाखवलीच नाही. सोमवारी बघू. म्हणजे खरंच बघते, ते लग्नातलं बघू नाही.