नो-पबकी आलं की कीसर्व्हरवरून किल्ली ओढायची, हा सल्ला बंद व्हायला हवा

धागाकर्ता
डेबियनसारख्या लिनक्सवर एपीटीने (पॅकेज बसवणारं साधन) अपडेट करताना एरर येते: 'नो-पबकी', म्हणजे सही तपासायची सार्वजनिक किल्ली मशीनवर नाही, आणि पुढे त्या किल्लीचा 16 अक्षरांचा आयडी. नेटवर उत्तर ठरलेलं: आयडी कॉपी करा, 'एपीटी-की' या किल्ल्या जोडायच्या कमांडमध्ये टाका, कीसर्व्हरवरून (किल्ल्यांचा सार्वजनिक साठा) किल्ली आणा, झालं. हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

तो आयडी तुमच्या डिस्ट्रोने (तुम्ही वापरता त्या लिनक्स वितरणाने) दिलेला नसतो. रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यातून, आलेल्या इनरिलीज या मुख्य यादीच्या फाइलवर ज्याची सही आहे, त्या सहीतूनच एपीटी तो वाचून दाखवतं. वाटेत कुणी फाइल बदलून स्वतःची सही केली, तर एररमध्ये त्याचाच आयडी येणार आणि तुम्ही इमानेइतबारे त्याचीच किल्ली आणणार! बऱ्याच कीसर्व्हरवर कुणीही कुठल्याही नावाने किल्ली चढवू शकतं. आणि बाकीची साखळी या एका सहीवरच उभी आहे: इनरिलीजमध्ये पॅकेजेस या यादीच्या फाइलचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा), पॅकेजेसमध्ये प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे प्रत्यक्ष पॅकेजचा.

म्हणून किल्ली रिपॉझिटरी चालवणाऱ्यांच्या साइटवरूनच घ्या, 40 अक्षरांचा पूर्ण फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख) जुळवा, किल्ली /ईटीसी/एपीटी/कीरिंग्जमध्ये ठेवा आणि रिपॉझिटरीचा पत्ता असलेल्या सोर्सच्या ओळीत साइन्ड-बाय लिहा, म्हणजे त्या रिपॉझिटरीसाठी फक्त तीच किल्ली चालेल.

सर्व्हरवाला
तत्त्व मान्य, पण माणसं काय करतात ते बघा. पायऱ्या वाढल्या की लोक अपडेटच सोडून देतात. सिक्युरिटी पॅच न लागलेलं मशीन हा रोजचा धोका आहे. वाटेत फाइल बदलणारा त्या मानाने विरळा.

शिवाय किल्ली आणि फिंगरप्रिंट दोन्ही एकाच साइटवरून घेतले तर पडताळणी कसली? विश्वास शेवटी एचटीटीपीएसवरच (साइटशी सुरक्षित जोडणी) ना? साइन्ड-बायचंही तसंच. त्या रिपॉझिटरीतलं पॅकेज इन्स्टॉल होताना त्याची स्क्रिप्ट रूट म्हणूनच, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, चालते. तिला कोण अडवणार?

धागाकर्ता
स्क्रिप्टचा मुद्दा खरा आहे, साइन्ड-बाय तिथे काही करू शकत नाही. पण एपीटी-कीच्या जुन्या पद्धतीने घातलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी चालते. एखाद्या छोट्या प्रकल्पाची किल्ली चोरीला गेली, तर चोर तिच्यावर डेबियनच्या नावाने इनरिलीज सही करू शकतो, आणि डेबियनचे मिरर (पॅकेजेसच्या प्रती देणारे सर्व्हर) बऱ्याच मशीनवर साध्या एचटीटीपीवर असतात. ते दार साइन्ड-बाय बंद करतं.

एचटीटीपीएसबद्दल: निदान तिथे तुम्ही कुणाकडे जायचं ते स्वतः ठरवता. एररमधला आयडी मात्र समोरचा ठरवतो.

रोलिंगवापरकर्ता
एप्रिल 2025 मधलं काली लिनक्सचं प्रकरण आठवा. त्यांचा जुन्या साइनिंग कीवरचा (सही करायच्या किल्लीवरचा) ताबा गेला, नवी किल्ली काढावी लागली, आणि जगभर अपडेट अडकले. नवी किल्ली कुठून घ्यायची आणि तिचा चेकसम (फाइल पडताळायचा ठसा) काय, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. हल्ला नव्हता, पण एरर किल्ली नसल्याचीच. नुसती एरर पाहून तुम्हाला फरक कळला असता का? मला नसता कळला. म्हणून मी आधी प्रकल्पाची घोषणा शोधतो. आर्च लिनक्सवर तर बहुतेक वेळा किल्ली हरवलेली नसते, कीरिंगचं (किल्ल्यांच्या जुडग्याचं) पॅकेज जुनं झालेलं असतं; आर्चलिनक्स-कीरिंग आधी अपडेट केलं आणि लगेच पूर्ण अपग्रेड केलं की काम होतं.

सर्व्हरवाला
डिस्ट्रोची किल्ली असेल तर हे पटतं. कीरिंग पॅकेज आहे, घोषणा असते. माझी तक्रार डिस्ट्रोबाहेरच्या, तिसऱ्यांच्या रिपॉझिटरींबद्दल आहे. कित्येकांच्या सूचनांत अजून एपीटी-कीच असतं, आणि डेबियन 13 मध्ये ती कमांडच उरलेली नाही. मग माणूस वैतागून सोर्सच्या ओळीत 'ट्रस्टेड=येस' लिहितो, म्हणजे सही न तपासताच विश्वास ठेव. आमच्याकडे एका सहकाऱ्याने अडचणीच्या रात्री हेच केलं. ती ओळ काही महिन्यांनी, दुसरंच काही शोधताना माझ्या नजरेस पडली. तोवर त्या रिपॉझिटरीची सही कुणी तपासतच नव्हतं.

धागाकर्ता
यावर मात्र आपण एकाच बाजूला आहोत. कीसर्व्हरवरून आणलेली किल्लीसुद्धा ट्रस्टेड=येसपेक्षा बरी, हे मी मान्य करतो. पण तिथेही आयडी एररमधून घेऊ नका. प्रकल्पाने छापलेला पूर्ण फिंगरप्रिंट देऊन किल्ली मागवा. मग ती कुठल्या सर्व्हरवरून आली याने फारसा फरक पडत नाही.

सर्व्हरवाला
हे चालेल. आमच्या टीमच्या सूचनांत एवढा बदल आजच करतो.