बाणवालं चिन्ह म्हणजे फाइल नव्हे
एकांनी विचारलंय की डेस्कटॉपवरची फाइल पेनड्राइव्हवर नेली, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेना. तो बहुधा शॉर्टकट असणार. विंडोजमध्ये चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर ती फाइल नाही, फाइलचा नुसता पत्ता आहे. पत्ता नेला, घर जागेवरच राहिलं! (मीही सुरुवातीला हेच केलंय.) त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा आणि मूळ फाइल कॉपी करा. शॉर्टकट जेमतेम एक-दोन केबीचा असतो, त्यावरूनही कळतं.

मोठा व्हिडिओ जागा असूनही जात नसेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवण्याची एक जुनी मांडणी) असेल. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट करा (म्हणजे पेनड्राइव्ह नव्याने तयार करा), पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, कारण ते पुसलं जातं.