अनुभव धागा : जुन्या बोटीच्या इंजिनाची वायरिंग आणि सापडलेले दोष

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत नौका ओढून शाकारल्या की इंजिनाकडे नीट बघायला सवड मिळते. पंधरा-वीस वर्षे जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारे मिस्त्री आपल्याकडे प्रत्येक बंदरात आहेत. विजेचे दुखणे मात्र बहुतेक वेळा एकेक भाग बदलून शोधले जाते आणि त्याचा भुर्दंड नाखव्याला बसतो. ज्यांनी असा दोष स्वतः शोधला आहे त्यांनी तो येथे लिहावा आणि काय बदलले यापेक्षा मीटर कुठे लावला व किती दाखवले हे सांगावे, अशी विनंती. सुरुवात मीच करतो.

हर्णै, डिझेल इंजिन, १२ व्होल्ट

किल्ली फिरवली की नुसता ‘टक’ आवाज होई आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नसे. आधी बॅटरी नवी घेतली, मग सेल्फ भरून आणला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तोच ‘टक’. बॅटरीवर मीटर १२.६ दाखवत असल्यामुळे माझी पुरती दिशाभूल झाली होती, कारण हा आकडा करंट वाहत नसतानाचा होता. शेवटी भाच्याला किल्ली धरून ठेवायला सांगितली आणि त्याच वेळी मोजले, तर बॅटरीच्या टोकांवर ११.४ आणि सेल्फवर केवळ ८.९ व्होल्ट मिळाले. मधले अडीच व्होल्ट कुठे गेले हे पाहण्यासाठी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली, तेव्हा १.९ व्होल्ट दिसले. तेथे पाव व्होल्टही दिसायला नको होता.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलचा लग (टोकाची धातूची कडी) वरून चकचकीत होता. रबर चिरून पाहिले तर आतल्या तारा चहाच्या चोथ्यासारख्या काळ्या पडल्या होत्या आणि लगाच्या तोंडाशी हिरवा कळंक धरला होता. खारे पाणी तारांच्या फटींतून वातीसारखे आत चढते. स्वच्छ तांबे लागेपर्यंत मला वीतभर केबल कापावी लागली. शिवाय इंजिनाला रंग देताना लगाखालच्या जागेवरही रंग बसला होता. तो रंग माझ्याच हातचा, हे येथे कबूल करतो.

करंजा, ट्रॉलर, २४ व्होल्ट

आमचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) चार्ज करत नव्हता. दोनदा बाकावर तपासून आणला आणि दोन्ही वेळा तो ठणठणीत निघाला. बोटीवर बसवला की मात्र २५ व्होल्टच्या वर काटा जाईना, एरवी तो २८ च्या आसपास असायला हवा. एका सकाळी लक्षात आले की किल्ली फिरवल्यावर लागणारा चार्जिंगचा लाल दिवा कित्येक दिवसांत लागलेलाच नाही. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडासा करंट त्या दिव्यातूनच मिळतो, त्यामुळे दिवा गेला की अल्टरनेटर जागाच होत नाही. कोणीतरी घाईत १२ व्होल्टचा बल्ब बसवला होता आणि तो अर्थातच उडाला होता. ज्यांचा लाल दिवा इंजिन बंद असताना लागत नाही, त्यांनी अल्टरनेटर उतरवण्याआधी बल्ब बघावा.

मालवण, पर्यटकांची होडी, दोन स्ट्रोकचे पेट्रोल आउटबोर्ड

आमचा दोष वरील दोघांच्या उलट्या जातीचा होता. लाटेवर होडी आपटली की इंजिन एकदम बंद पडायचे, जणू कोणी बटण दाबले आहे. पेट्रोल, गाळणी, प्लग सगळे तपासून झाले. डिझेलवर काम केलेल्या माणसाला तुटलेली तार शोधायची सवय असते, पण या इंजिनात बंद करण्याची तार अर्थला टेकली की ठिणगी थांबते, म्हणजे येथे शोधायची ती टेकणारी तार. ती तार सीडीआयच्या (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या डबीच्या) जोडणीपासून सोडवून किनाऱ्याजवळ चालवून पाहिले, तेव्हा इंजिन एकदाही थांबले नाही. (असे करताना बटणाने इंजिन बंद होत नाही. ते चोक ओढून बंद करावे लागते, हे आधी ठरवून ठेवावे.) सुकाणूच्या दांड्याच्या वळणापाशी तारेचे आवरण तांदळाच्या दाण्याएवढे घासले गेले होते.

मिरकरवाडा, भावाच्या नौकेचा हिशोब आणि दुरुस्तीची वही ठेवते

दादाची बॅटरी दोन दिवस नौका उभी राहिली तरी उतरायची. सर्व बटणे बंद करून आम्ही निगेटिव्ह केबल सोडवली आणि मधे ॲम्पिअरवर लावलेला मीटर जोडला, तर ०.४ ॲम्पिअर जात होता. दिवसाला साडेनऊ ॲम्पिअर-तासांहून अधिक झाले की हे! मग एकेक फ्यूज काढत गेलो आणि बिल्ज पंपाचा (नौकेच्या तळाचे पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्यूज काढताच आकडा शून्यावर आला. पाणी वाढले की तो पंप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचचा जोड तळाच्या खाऱ्या पाण्यात बुडत होता आणि पॉझिटिव्ह तारेतला करंट पाण्यातून गळत होता. त्या हंगामात शाफ्टवरचे, गंज स्वतःवर घेणारे जस्त नेहमीपेक्षा फार लवकर का खाल्ले गेले, याचेही उत्तर बहुधा तेथेच होते. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. आमच्या मीटरचा फ्यूज त्यात गेला.

जोड डाग देऊन करावा की लग दाबून, यावर घरात वाद आहे. वडील डागाच्या बाजूचे आहेत. वहीत मात्र तीन वेळा असेच लिहिले आहे की तार डागाच्या कडेला तुटली, कारण कथिलाने ताठ झालेली तार कंपनाने तेथेच मोडते. मी दाबलेला लग आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर घट्ट बसणारी आकसनळी यांच्या बाजूची आहे.

वेंगुर्ले, डिझेल इंजिन

छोटासाच अनुभव आहे. रात्री दिवे लावले की तापमानाचा काटा ८० वरून ९५ वर उडायचा आणि दिवे बंद केले की परत यायचा. पाणी काही दिव्यांनी तापत नाही, हे कळत असूनही मी एक सेन्सर बदलून बसलो. मग एक लांब तार घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे पॅनेलवरच्या तापमानाच्या मीटरच्या अर्थच्या बोल्टला धरले, तर दिवे लावूनही काटा ८० वर स्थिर राहिला. पॅनेल उघडल्यावर दिसले की सर्व मीटर आणि दिवे मिळून अर्थची एकच तार होती, तीही घरातल्या फिटिंगची, दोन तुकडे पिळून जोडलेली आणि वर काळी पट्टी गुंडाळलेली. पट्टी ओढली तशी ती चिकट होऊन हातात आली आणि तिच्याबरोबर जोडही.